माशाचं नाव धोंडबाई

मंगळवारी बाजार, नागपूर
१४ नोव्हेंबर १९७७

चि. विश्वनाथ यास,

आशीर्वाद लिहायचा रिवाज आहे म्हणून लिहिते. तू नाही घेतला तरी चालन.

कलकत्त्याहून तुहं पुडकं आलं. नाव बाबाचं होतं, तरी मी फोडलं. बाबाच्या दोन्ही डोळ्यात मोतीबिंदू पिकला आहे. त्यायले तवा अन् भाकर सारखीच दिसते, त्यायनं काय फोडलं असतं? अन् पाच वर्ष ज्या भावाचं एक पत्र नाही, त्याचं पुडकं एकाएकी घरात येते तं आधी मी पाहीन. बाजारात मासे विकून पोट भरते मी. वास घेतल्याशिवाय कोणतीच वस्तू घरात घेत नाही.

निघालं काय तं बारा पानाचं इंग्रजी चोपडं. तिसऱ्या पानावर फोटू. पाहिल्याबरोबर ओळखला. आपला खापऱ्या आहे तो. बोटाएवढा, मिशावाला, डोक्यावर हाडाची ढाल, पाठीवर फुटक्या खापरासारखा टणक पत्रा, अन् पोटाखाली त्या वळ्या, ज्यायनं तो धारेतल्या दगडाले चिकटून बसते. गळाले लागत नाही अन् जाळ्यात येत नाही असा मासा. सातपुड्याच्या पोटात, पेंचच्या घोडाधारेवर, पुसाच्या थंडीत छातीभर पाण्यात उभं राहून बाबानं तो दगडाखालून हातानं काढला होता. काट्यानं बोटं फाटली होती, मी हळद भरली होती. तू काठावर बसून बाटलीत औषध ओतून राहिला होता. पाण्यात कोण होतं अन् काठावर कोण होतं, एवढं मले चांगलं याद आहे.

तवा तूच म्हटलं होतं, "बाबा, हा मासा कोण्याच पुस्तकात नाही. याले नाव पडन तं तुमचं पडन." तेव्हापासून बाबानं तेवढं एक वाक्य धरून ठेवलं आहे. आई गेली, नदी सुटली, तुह्या कॉलेजात बेडकं अन् मासे पोचवायचं काम सुटलं, डोळे गेले. रोज सकाळी विचारते, "गोपिके, विश्वनाथचं पुस्तक आलं का वं?" आता घोडाधारही धरणात बुडणार म्हणते. मासा राहो न राहो, नाव तं राहीन, असं त्यायचं म्हणणं आहे.

म्हणून चोपडं घेऊन मी शेजारच्या मनोहररावाकडे गेली. पंचवीस वर्ष कोर्टात कारकून होते, इंग्रजी म्हणजे त्यायले हातचा मळ. चष्मा लावला, चहा घेतला, दोन पानं वाचली. म्हणे, मासा नवीन आहे, सातपुड्यातला आहे, शोधणारा विश्वनाथ आहे. मी म्हटलं, नाव काय ठेवलं ते सांगा. तं म्हणे, नाव दोन शब्दायचं आहे. पहिला शब्द दातात अडकते, दुसरा साफ आहे. धोंडबाई.

मी तीनदा वाचायले लावलं. बोट ठेवून एकेक अक्षर वाचलं त्यायनं. शेवटी बी, ए, आय. बाई.

आता सांग गा विश्वनाथ, ही धोंडबाई कोण आहे?

तुह्या बंगाली बायकोच्या माहेरी धोंडबाई नावाची बाई असू शकत नाही, एवढी अक्कल मलेही आहे. मंग तुह्या ऑफिसात कोणी मराठी साहेब असन, त्याची बायको असन, अन् वरची जागा भेटावी म्हणून तू बापाचा मासा तिच्या ओटीत घातला असन. आंधळं दळते अन् कुत्रं पीठ खाते. नाव सोनुबाई अन् हाती कथलाचा वाळा ऐकलं होतं, पण मासा बापाचा अन् नाव धोंडबाई हे तुह्याच घरून ऐकलं.

पुडकं आलं हे बाबाले मी अजून सांगतलं नाही. पुडक्यात चिठ्ठी होती का नव्हती ते मले विचारू नको. मी विचारलं त्याचं सरळ उत्तर दे.

गोपिका


नागपूर
९ डिसेंबर १९७७

विश्वनाथ,

मी तुले विचारलं अन् उत्तर दिलं तुह्या बायकोनं. वारे वा.

म्हणे तू आसामच्या पहाडात दौऱ्यावर आहे, तथी डाक पोचत नाही, जानेवारीच्या आखरीले येशीन. बरं जमते तुहं. जवा जवा घरच्यायनं काही विचारलं तवा तवा तू पाण्यात असते. अन् इतकी साफ हिंदी बंगाली बाई लिहिते का? नागपुरात राहून मले इतकी येत नाही. मले तं वाटते तू तिच्या बाजूले बसून एकेक ओळ सांगून राहिला होता. एका कागदावर सात वेळा "दीदी" लिहिलं आहे. ज्याले काही लपवायचं असते तोच इतकं दीदी दीदी करते.

अन् लिहिते काय, "नाम तो बाबूजी का ही है, दीदी." अवं बाई, आमच्या बाबाचं नाव धोंडबा आहे. धोतर नेसते, मिशा ठेवते. त्यायची बाई कोणी केली?

दुसरं, ती दोनदा विचारते की पुडक्यातली चिठ्ठी बाबूजीले वाचून दाखवली का. म्हणे एक पूरा रविवार बसून लिहिली होती. त्या चिठ्ठीचंच तिले इतकं काय पडलं? पाणी कुठंतरी मुरते.

आता जे झालं ते लिहिते. बायकोचं पत्र घेऊन पोस्टमन आला तं त्यानं दारातूनच ओरडून सांगतलं, "कलकत्त्याचं आहे." बाबा ओसरीत बसून जुनं जाळं हातानं चाचपून विणून राहिले होते. उठून उभे झाले. म्हणे, "पुस्तक आलं?" मंग मले राहवलं नाही. राग तुह्यावर होता, निघाला तिकडे. मी म्हटलं, "पुस्तक कवाचंच आलं. खापऱ्याले दुसऱ्याचं नाव देल्लं तुमच्या पोरानं. बाईचं. धोंडबाई."

बाबा खाली बसले. म्हणे, "असन कोणी मोठी बाई. पोराले तिकडे नोकरी करायची आहे, आपल्याले काय समजते." मंग विचारलं, "संग चिठ्ठी होती का वं?" मी म्हटलं, नाही.

बस. तेव्हापासून सकाळी पुस्तकाचं विचारत नाही. मी समजत होती की एकदाचं खरं सांगून टाकलं तं माह्या छातीवरचं ओझं उतरन. उतरलं नाही. फेब्रुवारीच्या पंचवीस तारखेले डोळ्याचा कॅम्प आहे, मी कॅम्पवाल्या दोघायच्या हातापाया पडून त्यायचं नाव लावलं होतं. आधी स्वतःच दिवस मोजत होते, म्हणे वाचता येत नाही तरी माह्या नावाची अक्षरं कशी दिसते ते पाहीन. काल म्हणे, "राहू दे गोपिके. आता काय पाहायचं आहे?" डॉक्टर म्हणते आता नाही केलं तं मंग उपेग नाही.

तू आसामात असो का पलंगाखाली, हे वाच.

गोपिका


नागपूर
२८ डिसेंबर १९७७

विश्वनाथ,

काल तुह्या जुन्या कॉलेजात गेली होती. हेतू चांगला नव्हता, आधीच सांगून ठेवते. मनोहररावाकडून इंग्रजीत अर्ज लिहून घेतला होता. मजकूर असा की बापाच्या माशावर परक्या बाईचं नाव लावलं, चौकशी व्हावी. मोठ्या सरायची सही घेऊन तो तुह्या कलकत्त्याच्या साहेबाले पाठवायचा होता. नोकरी जाईन का हा विचार मी केला होता. जाऊ दे म्हटलं होतं.

सर रजेवर. म्युझियमात नत्थू भेटला. बाबाच्या बादलीतली बेडकं उतरवून घ्यायचा तोच नत्थू. आता पार म्हातारा झाला. मी चोपडं पुढं केलं अन् विचारलं, ही धोंडबाई कोण ते तुले ठाऊक असन, तू अन् विश्वनाथ दिवसभर बाटल्यात तोंड घालून राहत होते.

त्यानं खिडकीजवळ नेऊन वाचलं अन् हसायलेच लागला. मले असा राग आला. म्हणे, "गोपिकाबाई, ही बाई नाही वं. हा तुमचा बाबा आहे."

मी म्हटलं, तूही त्याले सामील दिसते.

मंग त्यानं मले कपाटापाशी नेलं. एका बाटलीत खेकडा होता, त्याच्या चिठ्ठीवर लांब नाव. म्हणे, हा एका इंग्रज साहेबाच्या नावाचा, पहा शेवटचं अक्षर आय. दुसऱ्या बाटलीत गोगलगाय, ती त्याच्या मड्डमेच्या नावाची, तिच्या शेवटी ए अन् ई. म्हणे शास्त्राच्या भाषेत जनावराले माणसाचं नाव देल्लं की त्या नावाले शेपटी लागते, बाप्याले आयची अन् बाईले ए-ईची. धोंडबाले आय लावला तं धोंडबा-इ. "तुम्ही लोकायनं ती शेपटी मराठीत वाचली," म्हणे. "मी नववी नापास आहो, पण चाळीस वर्ष या चिठ्ठ्या चिकटवून राहिलो. मले बाकी काही समजत नाही, शेपट्या समजते."

तरी माहं मन मानत नव्हतं. मी म्हटलं, विश्वनाथ ए-ई लावायचं विसरला असन. नत्थू माह्याकडे पाहतच राहिला. मंग त्यानं आखरीचं पान उघडलं. तथी बारीक अक्षरात काही होतं, मनोहरराव म्हणे ते नुसते पुस्तकायचे नावं आहे, म्हणून वाचलंच नव्हतं. नत्थूनं हळूहळू मराठीत सांगतलं. हे नाव धोंडबा यांच्यावरून ठेवलं आहे. पेंच नदीवर मासे धरणारे ढिवर. हा मासा पहिल्यांदा त्यांनी आपल्या हातानं दगडाखालून काढून दाखवला. ते लेखकाचे वडील आहेत.

मी त्याले आणखी एकदा वाचायले लावलं. मंग तिथल्या स्टुलावर बसली, नत्थूनं पाणी आणून देल्लं. अर्ज फाडून टाकला.

आता दुसरं लिहिते, जे मले लिहायचं नव्हतं. पुडक्यात चिठ्ठी होती. चार पानं, दोन्ही बाजूनं लिहिलेली. वरचं "तीर्थरूप बाबांस" एवढंच वाचलं मी. आई मेली तवा तू पाचव्या दिवशी गाडीत बसला, तेरवीले थांबला नाही, म्हणे नोकरी नवीन आहे. टेसनावर मी तुले बोलली होती की आता तोंड दाखवू नको. अन् तू खरंच नाही दाखवलं. पाच वर्षानं चार पानं गोडगोड लिहिते, असं म्हणून मी ती चिठ्ठी चुलीत घातली. वर भात होता. पूरी जळेपर्यंत तथीच उभी राहिली. तुह्या बायकोवर शंका घेत होती मी, की चिठ्ठीचं काहून विचारते. चोराच्या मनात चांदणं म्हणते ते हेच.

त्यात काय लिहिलं होतं ते पुन्हा लिहून पाठव. मले शिव्या द्यायच्या असन तं त्या दुसऱ्या कागदावर दे.

गोपिका


नागपूर
१७ जानेवारी १९७८

प्रिय विश्वनाथ,

संक्रांत झाली. तीळगूळ पाठवत नाही, डाकेत चुरा होते. गोड बोल असं म्हणायचं तोंड मले नाही.

कॉलेजातून आल्याबरोबर बाबाले सगळं सांगतलं होतं. नाव तुमचंच आहे, बाईचं नाही, ती शेपटी आहे, आखरीच्या पानावर "लेखकाचे वडील" असं छापलं आहे. बाबानं मान हलवली. म्हणे, "बरं झालं." मी पाहत होती. हे असं बरं झालं नव्हतं. गिऱ्हाईक भाव नाही पटला तरी बरं बरं म्हणून पुढं जाते, तसं होतं. मंग म्हणे, "असं लिहिलं असतं तं पोरानं चिठ्ठी नसती का टाकली?"

मी सांगून देल्लं की चिठ्ठी होती अन् मी जाळली. बाबानं हातातलं जाळं खाली ठेवलं. मंग म्हणे, "गोपिके, चिठ्ठी नव्हती म्हणून तूच सांगतलं. आता होती म्हणते. नाव बाईचं म्हणून तूच सांगतलं. आता माहं म्हणते. मी म्हातारा माणूस, यातलं कोणतं धरू?" रागानं नाही बोलले. रागानं बोलले असते तं मी भांडली असती.

मी नत्थूले घरी बोलावलं. बिचारा सायकल रिक्षा करून आला. त्यानं अगदी बाबाचा हात धरून सांगतलं. बाबानं त्याची तब्येत विचारली, पोराबाळायचं विचारलं, चहा पाजला. तो उठला तवा म्हणे, "नत्थू, इनं तुले शिकवून आणलं ना गा? असू दे. पोरीचा जीव तुटते माह्यासाठी." त्यात मनोहरराव येऊन बसले. इंग्रजीत आपली चूक झाली हे त्यायले सहन होत नाही. बाबाच्या समोर ठणकावून सांगतलं की बी-ए-आय म्हणजे बाईच, कोर्टात असे हजार कागद वाचले, म्युझियमचा चपराशी काय सांगते. बाबा म्हणे, "पहा, शिकलेला माणूस आहे."

विश्वनाथ, वाईट सांगतलं ते त्यायले एका दमात पटलं होतं. चांगलं सांगून तीन आठवडे झाले. मी जन्मभर साऱ्या दुनियेवर शंका घेत आली, बाबानं कवा कोणावर घेतली नाही. नदीवर ठेकेदार फसवत होता तरी म्हणत होते, असन त्याची काही अडचण. त्या माणसाले मी या वयात शंका घ्यायले शिकवलं. अन् पहिली घेतली ती माह्यावर. बरोबरच घेतली.

रात्रंदिवस एकच विचार येते की तुह्या नावानं मीच एक चिठ्ठी लिहावी अन् वाचून दाखवावी. त्यायले थोडंच दिसते? दोन ओळी लिहिल्याही होत्या. मंग फाडल्या. आता त्यायच्याशी खोटं बोलायचं मले भेव वाटते.

डोळ्यासाठी ते अजून नाहीच म्हणते. कॅम्पले दीड महिनाही राहिला नाही. तुही पहिली चिठ्ठी पुन्हा लिहून पाठव असं मी म्हटलं होतं, ते राहू दे. वाचून तं मीच दाखवीन अन् माह्या तोंडचं ते धरत नाही. तूच ये. मी बोलली होती तोंड दाखवू नको म्हणून, ते माहं चुकलं. नुसतं तोंडानं नाही म्हणत, लिहून देते, जपून ठेव.

तुही बहीण,
गोपिका


नागपूर
३ फेब्रुवारी १९७८

प्रिय विश्वनाथ,

तार भेटली. अठरा तारखेले पोचतो, एवढंच आहे त्यात. मी ती चार वेळा मनोहररावाले वाचायले लावली अन् मंग बाजारातल्या दवाखान्याच्या कंपाउंडरकडूनही वाचून घेतली. राग मानू नको, सवय आहे.

तार म्हटल्यावर बाबा म्हणे, "कोण गेलं?" मी म्हटलं, कोणी गेलं नाही, येऊन राहिला आहे. बाबा म्हणे, "येऊ दे." खुशी झाली का नाही ते मले ओळखता आलं नाही. पण संध्याकाळी विचारलं की नाव्ह्याले कवा बोलावशीन. डोळ्याचं मी काढलं तं म्हणे, "पोरगा येऊन काय सांगते ते ऐकू दे." म्हणजे सगळं आता तुह्यावर आलं.

म्हणून हे पत्र लवकर टाकून राहिली, तू निघायच्या आधी भेटलं पायजे. सुनेले घेऊन ये. तिच्या हिंदीवर मी जे लिहिलं ते तिले वाचून दाखवलं नसन तं दाखवू नको. चोपड्याची तुह्याजवळची प्रत आण. माह्या जवळच्यावर आता बाबाचा भरोसा नाही.

एक गोष्ट सांगायची आहे. त्यासाठीच हे लिहिलं.

बाबाचं नाव कोणीच घेत नाही. आईनं कवाच घेतलं नाही, नवऱ्याचं नाव कोण घेते. आपण दोघं बाबा म्हणतो. नदीवरचे लोक खापऱ्यावाला म्हणत होते, तुह्या कॉलेजात बेडूकवाला. ठेकेदार तं नुसता अबे म्हणे. सत्तरीचा माणूस आहे, आपलं नाव दुसऱ्याच्या तोंडून त्यायनं किती वेळा ऐकलं असन? मी काल आठवून पाहिलं, मले एकही वेळ आठवली नाही.

म्हणून तू घरात आला की पाया नंतर पड. बोलणं, रडणं, आईच्या तेरवीची माफी, सगळं नंतर. आधी बाबाच्या समोर बस अन् चोपडं उघडून मोठ्यानं वाच. मासा कोणता ते वाच, नदी कोणती ते वाच, ते दातात अडकणारं पहिलं नाव वाच. मंग दुसरं नाव वाच, पण शास्त्रात लिहिलं तसं नाही. आपल्या बोलीत जसं आहे तसं, पूरं, धोंडबा. बापाचं नाव त्याच्या तोंडावर घेऊ नये म्हणते, पाप लागते. लागू दे. तू घे.

तुही बहीण,
गोपिका